वाढतं माप

काचवाली पाण्यातून वर आली आणि धक्क्याच्या शिडीला धरूनच राहिली. पाय पायरीवर होते, पण ते आपलेच आहेत अशी खात्री वाटत नव्हती. दात असे वाजत होते की वर बाकावर बसलेल्या आईला ते ऐकू गेले असणार. पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या पट्ट्याची कळ दाबायला गेली तर बोटं लाकडाची झालेली. कळ दिसत होती, बोटं दिसत होती, दोघांची गाठ काही पडेना. शेवटी डायव्हिंग शिकवणाऱ्या सरांनीच वाकून ती सोडवली.

सरांना त्यांच्या पाठीमागे सगळे पाणकावळा म्हणत. काळ्या सूटमध्ये पाण्याबाहेर आले की ते धक्क्याच्या टोकाला दोन्ही हात पसरून वाऱ्याला वाळत उभे राहायचे. कुठल्याशा जुन्या तुकडीने हे नाव ठेवलं आणि ते त्यांना चिकटलं. त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

बाकावर तिची तान्ही ढमी रडत होती. तिची भुकेची वेळ टळून गेली होती आणि आजीच्या मांडीवर तिने दुपटं लाथाडून लाथाडून पायाशी नेलं होतं. काचवालीने हात पुढे केले, तशी आईने नात मागे ओढली.

"आधी तू माणसात ये. असा बर्फ लावू नकोस लेकराला."

आईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. आपलं मूल समोर रडतंय आणि आपण त्याला अंगाशी घेण्याजोगेही गरम नाही, हे तिला घरी पोचेपर्यंत पुरलं.

तिचं काम मत्स्यालयात होतं. मोठ्या टाक्यांच्या काचा बाहेरून पुसायच्या, मुलांच्या नाकांचे आणि चिकट बोटांचे ठसे काढायचे. काचवाली हे नाव तिथलंच. आतून काचा पुसायला पाणबुडे उतरायचे, आणि कधी कधी असं व्हायचं की एकाच जागी इकडून तिचं फडकं आणि तिकडून त्यांचा ब्रश फिरायचा, मध्ये हाताच्या पंजाएवढी जाड काच. बाळंतपणाची रजा संपायच्या आत डायव्हिंगचा दाखला मिळवलास तर तुलाही आत घेऊ, असं वरिष्ठांनी सांगितलं होतं. नणंद म्हणाली, बाहेरून पुसून कंटाळलीस म्हणून आतून पुसणार होय, शेवटी पुसणंच ना! काचवाली हसली. पण आत आणि बाहेर यांत काय फरक आहे ते तिला सांगता येईना. सांगता आलं असतं तर कदाचित जायची गरजच पडली नसती.

दाखल्याआधी खाडीच्या गार पाण्यात उतरून दाखवावं लागे. आतापर्यंतच्या दोन्ही खेपांना ती कुडकुडत वर आली होती. सरांनी आडवळण घेतलं नाही. गारठलेल्या माणसाची बोटं जातात ती जातातच, पण डोकंही जड होतं आणि त्याचं त्याला कळत नाही, म्हणाले. पुढच्या खेपेला असंच झालं तर मी सही करणार नाही. त्यानंतर पाणी इतकं गार होईल की नवशिक्याला न्यायचं नाही.

घरी ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं. बाळंतपणात रक्त कमी झालं, झोप नाही, पोटात नीट अन्न नाही. ढमीचा बाबा रात्रपाळीहून आला की न बोलता तिच्या पायांवर आपले जाड मोजे चढवायचा. सगळ्यांचं ऐकून काचवालीने मनाशी एक ठरवून टाकलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. होती नव्हती ती ऊब ढमी घेऊन गेली. तिची होती, तिने नेली, तक्रार नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आठवड्याच्या मध्ये सरांनी तिला सामानासकट क्लबच्या शेडमध्ये बोलावलं. आई आणि ढमी बरोबर होत्याच. शेडमध्ये रबराचा आणि ओल्या दोरांचा वास होता, कोपऱ्यात शेगडीवर किटली. सरांनी तिला डायव्हिंगचा रबरी वेटसूट घालून उभं राहायला सांगितलं, पाणी हाताला सोसेल इतकं कोमट केलं आणि मानेपाशी सूट ओढून आत ओतलं. उतरण्याआधी असं आत घेतलं की पहिला झटका कमी बसतो, असं ते सांगत होते. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत ते पाणी तिच्या दोन्ही घोट्यांपाशी बाहेर येऊन जमिनीवर पसरलंसुद्धा.

सर त्या ओघळाकडे बघत राहिले. मग तिच्यामागे गेले आणि कमरेच्या वर चिमटीने सूट धरला. चिमटीत चांगली मूठभर घडी आली.

"हे काय आहे?"

"वाढतं माप," आई म्हणाली.

आईचा सगळा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेला होता. पोर मोठं होतं, कापड मोठं होत नाही, हे तिचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. हा सूट मायलेकींनी वापरलेला घेतला होता. घरी तो घालून बघितला तेव्हा काचवालीला श्वास घेता येईना. दुधाने भरलेली छाती ठणकायला लागली. तेव्हा आईनेच तो काढून घेतला, दोन्ही बाजू उसवल्या आणि तसल्याच रबरी कापडाच्या पट्ट्या आत बसवल्या. तीन सुया मोडल्या त्यात. मग सूट असा मोकळा झाला की काचवाली त्यात बसून ढमीला पाजू शकली असती.

"शिवण झकास आहे," सर म्हणाले. "पण ही आता कुठे वाढणार?"

"लेकुरवाळीचं अंग आहे मास्तर. आज असं, उद्या तसं. आणि दाबून बसलं तर जीव घुसमटतो, दूध आटतं."

"मोकळं हवं तिथे मोकळं ठेवू की. छातीला थोडी सवलत देऊ. पण पाठ, मान, मनगटं, घोटे? तिथे काय दूध आहे?"

मग सर एका उलट्या बादलीवर बसले आणि काचवालीला समजावून सांगू लागले. पाणी प्रत्येकाच्याच सूटमध्ये शिरतं. ते बाहेर ठेवायचं नसतंच. आत शिरलेलं थोडंसं पाणी तिथेच कोंडून धरायचं असतं. ते अंगाला चिकटून राहतं, अंग त्याला तापवतं, आणि मग ते आपल्याला सांभाळतं. तुझ्या सूटमध्ये ते थांबतच नव्हतं. पाय मारलास की तापलेलं बाहेर, गार आत. त्यात थंडी वाजते म्हणून तू आणखी हातपाय मारायचीस, म्हणजे पंपच चालू.

"तू थंड नाहीस, पोरी," ते म्हणाले. "तू अख्खी खाडी तापवायला निघाली होतीस."

काचवाली ओल्या जमिनीवर तशीच उभी राहिली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि यातलं आधी काय करावं ते ठरेना. ढमी मात्र किटलीच्या वाफेकडे बघून आपली हुंकारत होती.

घरी आल्यावर ढमी झोपली तशी आईने सूट मांडीवर घेतला. मापं घेताना टेपखाली दोन बोटं घालायची तिची आयुष्यभराची सवय. ती बोटं आपसूक टेपखाली गेली आणि आईने ती एकेक करून काढून घेतली. पाठीचं माप तिने इतकं ओढून घेतलं की काचवाली ओरडली. मग पट्ट्या उसवून, कडा जुळवून, सरांनी दिलेल्या गोंदाने चिकटवून तिने त्यावर जड पाट ठेवला आणि म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा असं कंजूष शिवलंय बघ."

शेवटच्या खेपेच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. काचवालीने पोटभर खाल्लं, ढमीला पोटभर पाजलं आणि शेडमध्ये कोरडी होऊन सूट चढवायला घेतला. मागच्या दोन खेपांना आत सुती बनियन घातलं होतं, ऊब राहावी म्हणून. ते सरांनी काढून ठेवायला लावलं. भिजलेलं सूत घड्या घालत बसतं आणि घडीतून पाणी पळतं. रबर अडकू नये म्हणून पायाला प्लॅस्टिकची पिशवी लावून सूट घोट्यावरून सरकवायचा, मग पोटरी, मग मांडी. आई एका बाजूने ओढत होती, ती दुसऱ्या बाजूने. दोघींना घाम फुटला. उशीच्या अभ्र्यात गादी भरतोय आपण, असं आई म्हणाली, आणि दोघी हसता हसता बाकावर आपटल्या.

किटलीतलं कोमट पाणी मानेतून आत गेलं. या वेळी ते जाग्यावर राहिलं.

खाडीत उतरताच रबरी टोपीच्या कडेशी गार पाण्याने डसून घेतलं. एक बारीक रेघ पाठीच्या कण्यावरून खाली निघाली. काचवालीचं सगळं अंग हातपाय झाडायला सांगत होतं. तिने ते ऐकलं नाही. हाताची घडी घातली, पाय हळू ठेवले, आणि सरांच्या मागोमाग तळाशी सोडलेल्या दोराच्या कडेने खाली जाऊ लागली, कान मोकळे करत. ती रेघ कमरेपर्यंत आली आणि तिथे थांबली. पुढे गेलीच नाही. तिच्यामागून दुसरी आली नाही.

मग ते व्हायला लागलं. आधी दोन्ही खांद्यांच्या मध्ये, नंतर पोटावर. गार पाण्याचा बोचरेपणा गेला, मग ते नुसतं पाणी झालं, आणि थोड्या वेळाने ते पाणी आहे हेही वाटेना. अंगावर कुणीतरी झोपलंय असं वाटलं. बाहेर मैलोगणती गार पाणी, आत कापडाएवढं जाड ऊन, आणि ते ऊन कुणी दिलेलं नव्हतं. तिचंच होतं. एवढं दिवसरात्र वाटूनही ते शिल्लक होतं, आणि अजून येतच होतं.

तिने पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

आधीच्या खेपांना तिला फक्त स्वतःची थंडी दिसली होती. आता चहूबाजूंनी रान उभं होतं. तळातल्या दगडांना धरून समुद्री शेवाळाचे तपकिरी दोर थेट उजेडापर्यंत चढले होते, त्यांची लांब पानं एकाच वेळी एका बाजूला झुकत आणि मग सगळी मिळून परतत. वरून ऊन खाली यायचं ते पानांतून गाळून, हिरवं आणि सोनेरी, आणि तळापर्यंत पोचता पोचता त्याचा धूर होत होता. तिच्या श्वासाचे बुडबुडे चमकत चमकत त्या उजेडात वर गेले. कुठे काच नव्हती. टेकायला, पुसायला, थांबायला कुठेही कड नव्हती. काचवालीला वाटलं, आपण फार मोठ्या कशाच्या तरी कुशीत आलो आहोत, आणि त्याला आपली खबरही नाही.

सरांनी एका कपारीकडे बोट दाखवलं. आत एक मासा होता, तिच्या हाताएवढा लांब, दगडाच्याच रंगाचा, रुंद जबड्याचा. पळाला नाही. त्याच्या पोटाखाली पांढुरक्या अंड्यांचा मोठा लगदा दगडाला चिकटलेला होता. नर आहे, अंडी फुटेपर्यंत जागचा हलत नाही, असं सरांनी उतरण्याआधी सांगितलं होतं. तो कल्ल्यांजवळचे पर सावकाश हलवत होता, थांबत नव्हता. बाहेरचं ताजं, गार पाणी ओंजळीओंजळीने अंड्यांवर घालत होता. जे पाणी अंगाला लागू नये म्हणून आई-लेकींनी एवढा आटापिटा केला, तेच तो आपल्या लेकरांना पुरवत होता. त्यांचा जीव त्यावर होता.

त्याचा एक डोळा तिच्याकडे वळला आणि तिथेच राहिला. ती त्याच्यासमोर हाताची घडी घालून तरंगत राहिली. परीक्षा चालू आहे, कुणी सही करणार आहे, हे सगळं वर कुठेतरी राहिलं होतं.

खांद्यावर थाप पडली. सर समोर आले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळून दाखवू लागले. त्यांना काय झालंय ते तिला कळेना. गारठले की काय? तिने काळजीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा दंड चोळले आणि बोट तिच्याकडे केलं, तेव्हा कुठे उमगलं, ते विचारताहेत. तुला थंडी वाजते का?

तिला आठवून बघावं लागलं. बोटांची टोकं थोडी गार होती. बाकी कुठेच नाही. तिने जाड हातमोज्यातला अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ठीक आहे’ असा गोल केला, त्यांना नीट दिसावा म्हणून पुढे धरला, आणि मग त्याच हाताने कपारीकडे दाखवून मान हलवली. अजून थोडं.

सरांनी तिची हवा किती उरली ते काट्यावर पाहिलं. मग तेही वळले आणि तिच्या शेजारी थांबले. आत मासा पाणी घालतच होता.