न पाहता मारलेला शेरा

मी एक जुनं स्टूल आहे, मित्रांनो. बसायचं नव्हे, उभं राहायचं. एका पायरीचं, स्टीलचं, वर काळं रबर ठोकलेलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, चार नंबरच्या ऑपरेशन थिएटरात माझं आयुष्य गेलं. मी रडगाणं गाणार नाही. मला जे बोलायचं आहे ते बोलणार, कोणाला आवडो न आवडो.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. नवा होतो तेव्हा माझं कौतुक होतं. सर्जन उंच असला की ऑपरेशनचं टेबल त्याच्या मापाने वर जातं, आणि ठेंगण्या माणसाला पेशंटच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. मग वांडा नावाची नर्स मला पायाने पुढे सरकवायची. "चढ गं पोरी, नाहीतर डॉक्टरांचं कोपरच बघत बसशील." पुढे प्लॅस्टिकची हलकी स्टुलं आली. माझ्या एका पायाचं रबर गेलं, ते कोणी बसवलं नाही. आता मी बेसिनखाली असतो, आणि गरज पडली तरच मला ओढतात. त्याचं मला काही नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

माझ्यावर उभे राहतात ते बहुतेक तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. पुढे कुठल्या शाखेत, कुठल्या इस्पितळात शिकायला मिळेल, याची धास्ती प्रत्येकाच्या पायात असते. पूर्वी एका मोठ्या परीक्षेचे गुण बघायचे. आता त्या परीक्षेत नुसतं पास की नापास. म्हणून डॉक्टरांच्या शेऱ्यांना भाव आलाय. कॉलेज ते शेरे जसेच्या तसे डीनच्या पत्रात घालून देशभरच्या इस्पितळांना पाठवतं. ऐकायला किती रीतसर वाटतं. शेरे लिहिले कसे जातात ते माझ्याकडून ऐका.

एका सकाळी डॉक्टर लिंडक्विस्ट ऑपरेशन करता करता म्हणाले, "काल सगळ्या पोरांचे शेरे उरकले. कॉलेजच्या कचेरीचा रोज तगादा होता."

"मॅच बघता बघता?" वांडाने विचारलं.

"मध्यंतरात. पेपरोनी रोल खाता खाता."

"पोरांना जाऊन दीड महिना झाला, डॉक्टर. चेहरे आठवतात तरी?"

"चेहरे दिसतात कुठे? टोपी आणि मास्क. एक मधेच निघून गेली, ती आठवते. एक शेवटपर्यंत उभी होती, ती आठवते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे सगळे चांगले."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या दोघी कोण होत्या ते मला ठाऊक होतं. शेवटपर्यंत उभी होती ती जोलीन रॅटलिफ, कोळसा खाणीच्या खोऱ्यातली, बुटकी. पोट उघडं धरून ठेवायचा लोखंडी आकडा तिच्या हातात होता. तिचे घोटे माझ्यावर थरथरत होते, हात मात्र हलला नाही. डॉक्टर वर न बघता "असंच धर" एवढं म्हणाले. निघून गेली ती उंच केंडल ॲश. तिला चक्कर आली होती.

पुढच्या उन्हाळ्यात जोलीन परत आली. तिला सर्जनच व्हायचं होतं, म्हणून चौथ्या वर्षी महिनाभर पुन्हा लिंडक्विस्टांच्याच हाताखाली. डीनचं पत्र सप्टेंबरच्या अखेरीस जातं. त्याआधी विद्यार्थ्याला एकदा वाचायला मिळतं. तिने वाचलं. "ऑपरेशन चालू असताना न सांगता निघून गेली. सर्जरीची ओढ दिसली नाही." आणि केंडलच्या पत्रात, जिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचंय, "आकडा धरलेला हात शेवटपर्यंत हलला नाही." केंडलनेच तिला दाखवलं.

पेशंट यायचा होता. डॉक्टर भिंतीवर लावलेले त्याच्या पोटाचे फोटो बघत होते. जोलीन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, मी निघून गेले असं तुम्ही लिहिलंय. मी गेले नव्हते. आकडा मी धरला होता."

"मला नीट आठवतंय."

"मग सांगा, जी गेली ती स्टुलावर होती?"

"नाही. माझ्या खांद्याला खांदा लावून होती."

"आता माझा खांदा बघा कुठे येतो."

"कोपराशी येतो, डॉक्टर," वांडा म्हणाली. "तेही तुम्ही वाकलात तर."

जोलीनने मला बेसिनखालून ओढलं आणि माझ्यावर चढली. आता डोळ्याला डोळा भिडला.

"एक ओळ आहे ती," डॉक्टर म्हणाले.

"सर्जरीवाले तीच वाचणार. त्यांनी मला कुठे पाहिलंय?"

"बदलायचं तर मी दुसरीबद्दल लिहिलं असं कचेरीत सांगावं लागेल."

"हो, सर."

"मग ती ओळ तुझ्या मैत्रिणीच्या गळ्यात पडेल."

"तिच्याही नको. तिला चक्कर आली होती, विचारलं असतंत तर कळलं असतं. पाहिलं तेवढं लिहा. नसेल पाहिलं तर पाहिलं नाही असं लिहा."

"तुमच्या गावाकडे मोठ्यांशी असंच बोलतात?"

"नाही, सर. याहून जोरात बोलतात."

"उतर खाली. पेशंट आणतायत."

"आधी फोन, सर."

या महिन्याचा तिचा शेराही त्यांच्याच हातात होता, मित्रांनो. ते तिला पुरतं बुडवू शकत होते. तिच्याखाली माझा रबर गेलेला पाय फरशीवर टकटक वाजत होता. ती उतरली नाही.

वांडाने भिंतीवरचा फोन काढून पुढे धरला. डॉक्टरांनी तो घेतला.

"लिंडक्विस्ट बोलतोय. रॅटलिफचा शेरा काढा, मी चुकीच्या मुलीबद्दल लिहिलं. नाही, ॲशला तो चिकटवू नका. दोघींचंही पुन्हा लिहून देतो. मुदत संपली माहितीये मला. शेऱ्यांचा फॉर्म उघडा पुन्हा." फोन ठेवून ते म्हणाले, "आता उतरशील?"

"नाही, सर. आता ऑपरेशन आहे. मला दिसायला हवं."

तिला कुठे जागा मिळेल ते मार्चमध्ये कळेल. मला पुसा, माझ्या पायाला रबर बसवा, असलं काही मी मागत नाही. एवढंच सांगतो. तुमच्याबद्दल कोणी लिहिलं आणि त्यात तुम्ही नसलात, तर गप्प बसू नका. समोर जा. उंची कमी पडली तर जे हाताशी असेल ते पायाखाली ओढा. आणि उद्या पेन तुमच्या हातात आलं, तर आधी मान वर करून समोरच्याचा चेहरा बघा. तेवढं जमत नसेल तर पेन खाली ठेवा.