चौथा पाय

दादाच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

पाहुण्यांपुढे घर नवं दिसावं म्हणून दादाने जुनंपानं विकायला काढलं. त्यात आईची सतरंजीही घेतली. तिला विचारलं नाही, मला तर नाहीच.

ती सतरंजी आईने लग्नाआधी स्वतःच्या मागावर विणलेली. जाड लोकर, दोन्ही बाजू सारख्या, काठाला हरणांची रांग. आमच्यात विणणारी बाई शेवटच्या हरणाचा चौथा पाय भरत नाही, तिथे ताण्याचे धागे उघडेच ठेवते. ती गेली की तिची लेक तो पाय विणते. दादाला हे लहानपणापासून ठाऊक. पण व्यापारी म्हणाला, "कोपऱ्यात विरलीय," आणि दादाने रफूवाल्याकडून पाय भरून आणला.

व्यापाऱ्यापुढे सतरंजी अंथरली होती, तेवढ्यात काठी टेकत आई आली. नजर थेट कोपऱ्यात.

"हा पाय कोणी भरला?"

"रफूवाल्याने. बोटभर तर जागा, आई!" दादा हसला.

"म्हणजे मला पोचवून आलास. खांदा कोणी कोणी दिला?"

"दादा, तो पाय मी विणायचा होता," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस. माहेरी आलीस की भांडण लावतेस."

व्यापारी मधाळ आवाजात म्हणाला, "आजी, आता किती छान दिसतेय."

"तुमची आई आहे?"

"आहे की."

"मग आधी तिची माती उरकून या."

त्याने चपला शोधल्या. दादा भरलेला पाय काढायला कात्री घेऊन खाली बसला. आईने त्याच्या मनगटावर काठी मारली.

"कात्रीने माझे धागे तोडशील. सुईने उसव."

नव्या लोकरीचा भडक लाल रंग त्याच्या बोटांना लागला. भावी व्याही दारात आले, तरी तिने त्याला उठू दिलं नाही. शेवटचा टाका निघाल्यावर तिने सतरंजी उचलली, आपल्या पलंगावर घातली आणि त्याच्याकडे पाठ करून पडली. लग्नातही ती त्याच्याशी बोलली नाही.

दादा लेकीच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारला. आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. पाय मी विणला.