पाण्याचा कडता

पुंजाजी मापाड्याच्या हाताला चिखलीच्या कापूस बाजारात सगळे वचकून असत. मण-शेर जाऊन किलो आले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मापं बदलली, शेठ बदलले, पण पुंजाजीची रीत बदलली नाही. गाडी काट्यापाशी लागली की तो कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, आतला पुंजका मुठीत दाबायचा आणि सोडायचा. कोरडा कापूस लगेच फुलतो, पाणी मारलेला दबून राहतो. मग शेतकऱ्याने कितीही आणाभाका घेतल्या तरी पुंजाजी त्या पाण्याचा कडता कापायचा, म्हणजे तेवढं वजन सरळ वजा. आदल्या दिवशी कापसावर घागर ओतायची आणि काट्यापाशी साळसूद चेहऱ्याने उभं राहायचं, हे बरेच जण करत. पुंजाजीपुढे कुणाची डाळ शिजत नसे.

एके साली त्याच्या मेव्हण्याची, भगवानरावची गाडी आली. त्याने हात घातला आणि भर बाजारात तीस किलो कडता कापला. भगवानरावने दोन वर्षं पुंजाजीच्या गावात, उंद्रीत, पाऊल टाकलं नाही. मनकर्णाबाईने आठ दिवस नवऱ्याशी अबोला धरला. पुंजाजी म्हणाला, काट्याले मेव्हना नसते. आणि वाढलेलं मुकाट्याने जेवून उठला.

असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात खोकायला लागला, खोकल्यातून रक्त पडलं आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोचला. तिथे उजव्या फुप्फुसाचा अर्धा भाग कापून काढला. कॅन्सर हा शब्द पुंजाजीला सांगितला गेला होता. त्याने तो मुंबईतच ठेवला. गावात 'छातीचं ऑपरेशन' एवढंच, आणि घरातही तेवढंच.

जखम भरली, दुखणं मात्र राहिलं. पाठीवरून काखेखालून पुढे आलेल्या त्या वणाची तऱ्हाच उलटी होती. वरच्या कातडीला चिमटा काढला तरी कळत नसे, आणि आत बरगड्यांच्या खाली सदान्‌कदा निखारा. सदऱ्याचं कापड टेकलं तरी तो दात आवळायचा. भाकरीचा तुकडा मोडायला उजवा हात उचलत नसे. वजन सत्तेचाळीस किलोवर आलं. दुखण्याआधी तो साठ किलोचा गडी होता.

आषाढात बुलढाण्याचे डॉक्टर वामनराव यांनी त्याला बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. स्टेरॉईड म्हणतात याला, ते म्हणाले, आतली सूज बसेल, दुखणं दबेल. रोज दोन, जेवल्यावर, आणि मला विचारल्याशिवाय कमी-जास्त करायची नाही.

तिसऱ्या दिवशी पुंजाजी दुपारभर झोपला. उठल्यावर त्याने चार भाकरी खाल्ल्या आणि ठेच्याचं भांडं पुसून काढलं. मनकर्णाबाई चुलीपाशी बसून रडली. पाच महिन्यांत तिने त्याला पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं.

श्रावण सरेपर्यंत त्याचं तोंड गोल झालं. गालांनी डोळे बारीक केले. पारावरची माणसं म्हणायची, पुंजाजीनं म्हातारपनी बाळसं धरलं. तो हसायचा आणि दर बाजाराच्या दिवशी एस.टी.ने चिखलीला जायचा. तिथे शेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तीन वाशांच्या तिकाटीला टांगलेल्या त्याच्याच काट्यावर आता कारभारी नावाचा पोरगा उभा असे. पुंजाजीनेच शिकवून तयार केलेला मापाडी. पुंजाजी पारड्यात मांडी घालून बसायचा. एक्कावन्न. पंधरा दिवसांनी पंचावन्न. घरी येऊन आकडा सांगायचा आणि मनकर्णाबाई तो गावभर करायची.

शेठनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत जागा धरतो, पुढे कारभारीला कायम करीन. पुंजाजीने मनाशी ठरवलं होतं, साठ भरलो की काट्यावर उभं राहायचं. त्याने जन्मभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला होता, आणि ती गोष्ट म्हणत होती की तो बरा होतोय. गोळ्यांनी वजन चढतं हे तर दिसतच होतं. मग दसरा तोंडावर आल्यावर त्याने आपल्याच हुशारीने दोनाच्या चार सुरू केल्या.

गोळ्या वेळेआधी संपल्या आणि तिथेच त्याचं बिंग फुटलं. वामनरावांनी त्याला फैलावर घेतलं. मग छातीचा नवा फोटो काढायला लावला. फोटो आला तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यावर बोट टेकवलं.

"पुंजाजी, डाव्या बाजूला दोन डाग आहेत," ते म्हणाले. "तोच रोग आहे."

"पन मी तं मागच्या बाजारी सत्तावन्न भरलो, साहेब."

"ते मांस नाही. ही गोळी अंगात पाणी धरते. तुम्ही चार चार खाल्ल्या, अजूनच धरलं."

त्यांनी पुढेही बरंच सांगितलं. पुन्हा ऑपरेशन होणार नाही, गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू दोनवर यायचं, दुखण्यासाठी त्या शेवटपर्यंत लागतील. पुंजाजी हो हो म्हणत राहिला. वणावरच्या कातडीसारखा तो सगळाच होऊन गेला होता. चिमटा बसला हे कळलं, लागलं मात्र नाही.

एस.टी.त त्याने धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. सोडला. खळगा तसाच राहिला. त्याने मनात वीसपर्यंत मोजलं तरी तो भरून आला नाही. एवढे दिवस आपलं अंग आपल्याच हाताखाली होतं आणि आपण एकदाही दाबून पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या कुणी असा माल आणला असता तर गाडीवरून उतरायच्या आत त्याने ओळखला असता.

तरी तो चिखलीला उतरला. कारण काय ते त्यालाही सांगता आलं नसतं. पारड्यात बसला. कारभारीने मापं ठेवली, काटा स्थिर होऊ दिला आणि म्हणाला, साठाच्या वर अर्धा, बाबा, कधी येता बोला. पुंजाजी उतरला आणि म्हणाला, पाहू.

उंद्रीला पोचला तर ओट्यावर भगवानराव बसलेला. मनकर्णाबाईने त्याला निरोप धाडला होता, आज साठ भरतील, ये. तिने पुरण घातलं होतं. साळा-मेव्हण्यांचा राग केव्हाच निवळला होता. उरली होती ती थट्टा.

"किती भरले, भाऊजी?"

"साठ."

"कडता धरून, का कडता कापून?" भगवानराव मोठ्याने हसला.

मनकर्णाबाई दारात उलथणं हातात धरून उभी होती. पुंजाजीने तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याने खोटं वजन कधी पुकारलं नव्हतं.

"कडता धरून," तो म्हणाला.

भगवानराव तीन पोळ्या खाऊन शेवटच्या गाडीने गेला. दिवेलागणीला मनकर्णाबाई तेलाची वाटी घेऊन नवऱ्याच्या पायथ्याशी बसली. आषाढापासून ती रोज पाय चोळायची. आज तिचा अंगठा नडगीवर थांबला, दबला, आणि तिथेच राहिला. पुंजाजीने पाय ओढून घ्यायला पाहिलं. तिने सोडला नाही.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "त्या साली भगवानच्या गाडीतल्या कापसाले पानी म्याच मारलं होतं. माहेरी गेली होती तवा. दोन घागरी."

पुंजाजीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"वल्या कापसाचा हात मलेबी कळते," ती म्हणाली. "श्रावनापासून कळून राह्यलं. तुमी एवढ्या हौसेनं आकडा सांगत होते, म्हून म्या बी गावभर सांगत गेली."

तिने अंगठा उचलला. दिव्याच्या उजेडात तो खळगा दोघांनाही दिसत होता. तो भरायला बराच वेळ लागला.

"दोन घागरी नव्हत्या," पुंजाजी म्हणाला. "दोन घागरीचं एवढं वजन येत नाही."

"तीन होत्या," ती म्हणाली.

त्याला हसू आलं. खोकल्यासारखं आतून आलं, आणि सवयीने त्याने उजवी बाजू हाताने आवळून धरली. काहीच दुखलं नाही. गोळीने दुखणं दाबलं होतं, रोग नाही. तेव्हा कुठे, दुपारपासून पहिल्यांदा, त्याला भीती वाटली, आणि त्याने तिचा तेलकट हात धरला. तिने तो धरू दिला. थोड्या वेळाने तिने विचारलं, डॉक्टरांनी आता किती सांगितल्या. तो म्हणाला, हळूहळू दोन. मग ती उठली, वाटी कोनाड्यात ठेवली आणि गोळी जेवल्यावर घ्यायची म्हणून त्याचं ताट वाढायला गेली.