चाळीस गाद्यांखालचे आजोबा

गादीवाला थापा मारायचा, पण मनापासून. त्याच्या उशीवर डोकं टेकलेला एक चोर असा गाढ झोपला, की सकाळी घरमालकानं चहा पाजून त्याला उठवलं, ही हकिकत त्यानं निदान शंभर गिऱ्हाइकांना ऐकवली असेल. दर खेपेला चोराच्या मिशा बोटभर वाढायच्या.

मेहुणीनं त्याला फोनवर जाहिरात टाकायला शिकवलं आणि या गुणाचं चीज झालं. ती जाहिरातींच्या ऑफिसात होती. म्हणाली, "भावजी, फोटोखाली हॅशटॅग लावायचे. लोक जो शब्द शोधतात तो लावला, की तुमची गादी त्यांच्या पुढ्यात. फक्त शब्द गादीला शोभणारा हवा हं!"

पहिलं गादीवाल्यानं गाठीशी बांधलं. शेवटचं कापसाबरोबर उडून गेलं. रोज दुकान उघडलं, की लोक सर्वात जास्त काय शोधताहेत त्या यादीतले वरचे दहा शब्द तो न वाचताच उचलायचा आणि फोटोखाली डकवायचा. फोटो एकच. नव्या गादीवर तो स्वतः आडवा, उशाला हात, वर ठळक अक्षरं, 'आता निश्चिंत झोपा!' क्रिकेटची मॅच असो की नटीचं लग्न, खाली हा पसरलेला. दर अर्ध्या तासाला एकदा. गिऱ्हाइकं वाढली, खोटं कशाला बोला.

बुधवारी दुपारी तो गादीला टाके घालत होता, तेव्हा शाळेतल्या बाई दारात उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी वडलांसाठी त्यांनी इथूनच गादी नेली होती.

"या बाई! आजोबांना झोप लागते ना आता?"

बाईंनी नुसता फोन पुढे धरला. आजोबा सोमवारी पायात चपला सरकवून बाहेर पडले, ते परतले नव्हते. त्यांना नाव-पत्ता आठवत नसे. बाईंनी त्यांचा फोटो आणि आपला नंबर टाकला होता, खाली #बाबाघरीया. लोकांनी हळहळून तो शब्द इतका पसरवला, की तो यादीत वर चढला.

गादीवाल्यानं अंगठ्यानं पडदा सरकवला. तो. खाली पुन्हा तो. त्याखालीही तोच. 'आता निश्चिंत झोपा!'

"सोमवारपासून डोळ्याला डोळा नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "काल दुपारी कुणीतरी लिहिलं होतं, निळ्या स्वेटरातले आजोबा स्टँडच्या बाकावर दिसले. मला ते आज सापडलं, तुमच्या चाळीस गाद्यांखाली. आत्ता जाऊन आले. बाक रिकामा."

सुई बोटात घुसली ते त्याला कळलंही नाही. "बाई, मी... मी वाचलंच नव्हतं हो."

"तेच," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानं एकेक फोटो काढून टाकला. फोन दरवेळी विचारी, नक्की काढायचं? मग त्यानं आजोबांचा फोटो टाकला: 'हे हरवलेत. कुणी पाहिलंत का?' पाच मिनिटांत उत्तरं आली.

'काय आयडिया आहे काका!'

'आजोबांसोबत उशी फुकट का?'

'खरंच हरवलेत हो,' त्यानं लिहिलं.

'तो चोर झोपला होता, तेवढंच खरं का?'

त्यानं शटर ओढलं आणि चालत स्टँड गाठला. तिथं तोंडानं विचारत फिरला. स्टँडमागच्या लॉण्ड्रीत इस्त्री करणारी बाई त्याला पाहून थबकली.

"अहो, फोनमधले झोपलेले ते तुम्हीच ना?"

त्याला वाटलं, या बाईनं आपली घडी घालून गठ्ठ्यात खाली सारावं. "हो."

"बाकावर एक आजोबा सापडले. चौकीत सांगितलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं नि विसरले. मी कालपासून फोनवर त्यांच्या घरच्यांचा नंबर शोधतेय. जरा वर सरकवलं की तुम्ही आडवे!"

आत धुतलेल्या चादरींच्या ढिगावर निळा स्वेटर बसला होता.

गादीवाल्यानं फोन लावला तशा शाळेतल्या बाई धावत आल्या, वडलांना बिलगल्या. आजोबांना लेक ओळखू येईना. ते तिच्या खांद्यावरून गादीवाल्याकडे बघत होते. "हे गृहस्थ दोन दिवस झोपूनच आहेत," ते काळजीनं म्हणाले. "कुणीतरी उठवा यांना." लॉण्ड्रीवाली हसली. बाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. "भावजी, तुम्ही शोधलंत म्हणे! लिहा की! उद्या यादीत पहिला शब्द तुमचाच."

"मी शोधलं नाही गं," तो म्हणाला. "मी झाकलं होतं."

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. "हिला ती चोराची गोष्ट सांगा ना!"

"चोरबीर कुणी नव्हता," गादीवाला म्हणाला, आणि तोंड दिसू नये म्हणून खाली वाकून उगाचच गादीचं माप घेऊ लागला.