नऊच्या आत तेलगाव

"तेरा," ओट्यावरून कुणीतरी मोजलं.

आश्रुबाने वळून पाहिलं नाही. तेरावी किक मारून त्याचा पाय भरून आला होता आणि एम-एटी नेहमीसारखी दोनदा खोकून गप्प बसली होती. एरवी त्याच्या किका मोजायला गावात कुणाला सवड नसायची. पण त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता, रानात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे डेअरीच्या ओट्यावर सकाळी सहापासून माणसं बसलेली असत. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

गाडीला तीन कॅन बांधलेले होते. चाळीस लिटर दूध. पाऊस होता तेव्हा गाव दोनशे लिटर दूध घालत होतं आणि दूध संघाचा टेम्पो दारात येत होता. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, तशी टेम्पोनेही पाठ फिरवली. संघाने निरोप धाडला होता: चाळीस लिटरसाठी टेम्पो परवडत नाही, सेक्रेटरी आश्रुबाने स्वतः दूध तेलगावच्या शीतकरण केंद्रावर आणावं, सकाळी नऊच्या आत. तीनदा परत गेलं की गावचं संकलन बंद. आणि संकलन बंद म्हणजे ज्यांच्या दावणीला अजून एखादी म्हैस उभी होती, त्यांनी तिचं दूध कुठे घालायचं?

दोनदा परत गेलं होतं. दोन्ही वेळा गाडीमुळे, म्हणजे आश्रुबामुळे. पहिल्यांदा क्लच केबल तुटली होती, तिला त्याने कुंपणाच्या तारेने जोडलं होतं. दुसऱ्यांदा त्याने आदल्या संध्याकाळी सगळी गाडी खोलून पुन्हा जोडली आणि एक वायसर उरला. "जास्तीचा असंल," असं म्हणून त्याने तो खिशात घातला. तो जास्तीचा नव्हता, हे दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेत मागचं चाक अडकल्यावर कळलं.

पण मेकॅनिकचं नाव काढायचं नाही. बारा वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने त्याच्या गाडीचा चांगला पार्ट काढून जुना बसवला होता, निदान आश्रुबाचं तसं म्हणणं होतं. तेव्हाच त्याने शपथ घेतली होती, माझ्या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बारा वर्षांत त्या गाडीतला एकही नट मूळ जागेवर राहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"चालू व्हती का न्हाई?" त्याची बायको तुळजाबाई दारातून म्हणाली. "साडेसात वाजायला आले."

"व्हतीय. प्लग साफ करू दे."

रुद्रप्पाचं किराणा दुकान समोरच होतं. गल्ल्यावर बसूनच तो ओरडला, "आश्रुबा, माझी लुना घेऊन जा की! दोन फेऱ्या कर."

"आप्पा, पाच मिनिटात चालू करतो." आश्रुबाने प्लग घासला, बाटलीतलं चमचाभर पेट्रोल प्लगच्या भोकातून आत सोडलं, प्लग बसवला, किक मारली. गाडी फाटकन पेटली. निळा धूर निघाला, ओट्यावरची माणसं "आली, आली!" करत उठली, आणि अर्ध्या मिनिटात गाडी मेली. रुद्रप्पाचा पोरगा भीमाशंकर तेवढ्या वेळात लुना घेऊन बाजाराला निघूनही गेला.

भिंतीशी एक बाई किटली घेऊन बसली होती. छबुबाई. तिची किटली भरलेली होती. सकाळी आश्रुबाने तिच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला तेव्हा तो खाली खाली जात तेवीसवर थांबला होता; सव्वीसच्या खालचं दूध घ्यायचं नाही, असा नियम होता.

"छबुबाई," तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "गावात सगळ्यांच्या घागरी कोरड्या पडल्यात. तुमच्याकडं दुधात घालायला पाणी कुठून आलं?"

माणसं हसली होती. छबुबाईचा चेहरा उतरला. "भाऊ, म्हैस छावणीतल्या उसाच्या वाढ्यावर हाय. पातळच निघतंय. आमाला प्यायला पाणी न्हाई, दुधात कुठलं घालू?"

"काटा खोटं बोलत न्हाई," आश्रुबा म्हणाला आणि किटली बाजूला सरकवली.

ती तेव्हापासून तिथेच बसली होती. भरलेली किटली घेऊन भर सकाळी गल्लीतून परत जायचं, म्हणजे दारादारातून माणसं बघणार. गल्ली रिकामी होईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. नवरा गेल्यापासून त्या एका म्हशीवर तिचं घर चाललं होतं, हे गावाला माहीत होतं. आश्रुबालाही माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम, आणि नियम दुसऱ्याला लावायला आश्रुबाला कधी जड गेलं नाही.

प्लग नाही, तर कार्बोरेटर. तो खोलायला दहा नंबरचा पाना हवा होता आणि दहा नंबरचा पाना नव्हता. आठचा होता, बाराचा होता, चौदाचे दोन होते. दहाचा पाना ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो नसतोच. शेवटी पकडीने त्याने नट फिरवला, नटाच्या कडा गोल झाल्या, हाताचं साल निघालं. कार्बोरेटरची वाटी काढून त्यातलं होतं नव्हतं ते त्याने मातीत ओतलं. मातीने ते बघता बघता पिऊन टाकलं. मग बाटलीतलं पेट्रोल ओतून जेट धुतला, फुंकला, पुन्हा धुतला. सगळं बसवलं, पुन्हा चमचाभर पेट्रोल आत, पुन्हा किक. पुन्हा पेटली. पुन्हा मेली.

"पॉइंट गेले असतील," ओट्यावरचा एक म्हणाला.

"कॉइल बघ."

"सायलेन्सर तुंबला आसंल, काढून जाळ."

ज्यांनी जन्मात सायकलची चेन बसवली नव्हती, तेही बोलत होते. आश्रुबाने पॉइंट उघडले. बारीक स्क्रू हातातून निसटून मातीत पडला आणि चार माणसं गुडघ्यावर येऊन माती चाळत बसली. एकाने तो शोधला, तर दुसऱ्याने त्याच्या हाताला धक्का दिला आणि स्क्रू पुन्हा पडला. आश्रुबाच्या तोंडून शिवी गेली. ती कुणाला होती हे त्यालाही कळलं नाही.

"अरे, टाकीत पेट्रोल हाय का?" रुद्रप्पाने विचारलं.

"आप्पा, पहाटे दोन लिटर ओतलंय म्या. हे बघा." त्याने गाडी गदगद हलवली. टाकीत भरपूर खळखळलं.

"मग पेट्रोलातच खोट आसंल."

"पेट्रोल माझ्या हातचं हाय, माझ्या कॅनमधलं. त्यात कुठून खोट येतीय?"

आठ वाजले होते. उन्हं गाडीवर आली. तुळजाबाईने कॅनला हात लावला आणि चटकन काढला. "तापायलेत हो. गोणपाट पार सुकलंय. दूध नासंल."

"मग ओलं कर की!"

"कशानं करू? एक घागर हाय घरात, आन् ट्यांकर उद्या." ती जवळजवळ रडकुंडीला आली.

प्रत्येकाच्या घरात एक घागर होती, कुणाच्या ती अर्धी होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. छबुबाई उठली. ती गल्लीत गेली आणि थोड्या वेळाने घागर काखेत घेऊन आली. ओंजळीने तिने तिन्ही कॅनच्या गोणपाटांवर पाणी शिंपडलं, सगळीकडून, सावकाश, एक थेंब मातीत न सांडता. ज्या कॅनमध्ये तिचं चमचाभरही दूध नव्हतं, त्या कॅनवर. दहा मिनिटांनी गोणपाट सुकलं की ती पुन्हा उठायची.

आश्रुबाने ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला स्वतःचा राग आला, मग तिचा आला, मग गाडीचा आला. गाडीचा राग धरणं सगळ्यात सोपं होतं.

सव्वाआठ झाले. त्याने शेवटी टाकीखालची पेट्रोलची नळी ओढून काढली, म्हटलं फुंकून बघावी. कॉक सुरू राहिला होता. धार त्याच्या तळहातावर पडली. त्याने हात झटकला, आणि थांबला. पेट्रोल हातावर पडलं की क्षणात उडून जातं, हात कोरडा होतो. हा हात ओलाच होता. तळव्यावरच्या धुळीचा चिखल झाला होता.

त्याने जर्मनची वाटी नळीखाली धरली. वाटी भरली. वर तेलाचा पातळ रंगीत तवंग, आणि खाली स्वच्छ, नितळ पाणी.

मग त्याला आठवलं. परवा दुपारी ट्यांकर आला होता. गर्दीतून तुळजाबाई ओरडत होती, "मिळंल ते आणा, घरातलं कायबी आणा!" तो धावत गोठ्यात गेला होता. पेट्रोलच्या कॅनमध्ये जे थोडं पेट्रोल होतं ते त्याने बाटलीत काढलं होतं आणि कॅन पाइपखाली धरून पाच लिटर जास्तीचं पाणी मिळवलं होतं. केवढी ऐट वाटली होती त्याला! पाण्याला वास येत होता म्हणून ते कुणी प्यायलं नाही. त्याने स्वतःच तो कॅन उचलून नेहमीच्या जागी, कोपऱ्यात ठेवला होता. आणि आज पहाटे अंधुकात, नेहमीच्या जागेवरून उचलून, नेहमीसारखा टाकीत ओतला होता.

खरं पेट्रोल बाटलीत होतं. त्याने सकाळपासून ते ज्यांचा काही गुन्हा नव्हता अशा पार्टांच्या आंघोळीत घालवलं होतं. बाटलीत आता चार बोटं उरलं होतं.

"काय निघालं रे?" रुद्रप्पाने विचारलं.

"कचरा," आश्रुबा म्हणाला.

शब्द किती सहज आला याचं त्यालाच नवल वाटलं. पाठ फिरवून त्याने टाकी मातीत रिकामी केली, नळी जोडली, बाटली टाकीत उपडी केली. मग पाण्याची वाटी तिरकी केली, कुणी बघायच्या आत माती पिऊन टाकेल म्हणून.

"भाऊ, सांडू नका." छबुबाई शेजारी उभी होती. तिने रिकामी घागर पुढे केली. "जमीन सारवायला व्हईल."

तिने वाटीत पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. वाटी घागरीत रिकामी करून तिने ती त्याच्या हातात परत दिली आणि भिंतीशी जाऊन बसली.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. या वेळी ती मरत नव्हती. ओट्यावर टाळ्या वाजल्या. साडेआठ वाजून गेले होते, अकरा किलोमीटर होते, वाट खड्ड्यांची होती, आणि बाटलीतलं पेट्रोल पुरेल की नाही हे सांगता येत नव्हतं. "निघा, निघा!" तुळजाबाई ओरडली. आश्रुबाने गिअर टाकला, आणि त्याची नजर भिंतीकडे गेली. छबुबाई पदराने किटली झाकत होती.

त्याने गाडी बंद केली.

"बंद कावून केली बे!" ओट्यावरचे सगळे एकदम ओरडले. तुळजाबाईने कपाळावर हात मारला.

आश्रुबा उतरला, भिंतीशी गेला, किटली उचलली, आणि कॅनचं झाकण काढून सगळं दूध आत ओतलं.

"आरं, तेवीस डिग्रीचं दूध हाय ते!"

"आसू दे." त्याने झाकण बसवलं. "टाकीत कचरा न्हवता, पाणी होतं. ट्यांकरचं. म्या सोता भरलतं कॅनमदी, म्या सोता टाकीत ओतलं. पाणी माझ्या टाकीत निघालंय. छबुबाईच्या दुधात न्हवतं."

रुद्रप्पा गल्ल्यावर हात आपटून हसायला लागला, आणि अख्खा ओटा हसला. हे हसू आता पाऊस पडेपर्यंत पुरणार होतं, आश्रुबाला ते दिसत होतं. छबुबाई मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. रिकामी किटली तिने काखेत मारली आणि म्हणाली, "जा भाऊ, उशीर व्हतोय."

परत चालू करायला चार किका लागल्या. ओट्याने त्याही मोजल्या.

तेलगाव दिसायला लागलं आणि पेट्रोल संपलं. तीन कॅनसकट गाडी ढकलत आश्रुबा केंद्रावर पोहोचला, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. दूध उतरवून घेणारे भगवानराव दार ओढत होते.

"तिसऱ्यांदा, आश्रुबा," ते म्हणाले. "माझ्या हातात काय न्हाई आता."

आश्रुबाला धाप लागली होती. त्याने नुसतंच कॅनकडे बोट केलं. भगवानरावांनी कॅन मागे सारायला हात लावला, आणि हात तिथेच राहिला. त्यांनी झाकण काढलं. वास घेतला. मोठ्या पळीने ढवळून चमचाभर जिभेवर घेतलं. मग दुसरा कॅन, मग तिसरा. लॅक्टोमीटर सोडून पाहिला, त्यानेही तक्रार केली नाही.

"आज उन्हात आलेलं सगळं दूध कोमट हाय," ते म्हणाले. "तुमचं गार कसं?"

"गोणपाटावर पाणी मारलं."

"तुमच्या गावाला पाणी हाय?"

"न्हाई. छबुबाई म्हणून हायेत एक. त्यांच्या प्यायच्या घागरीतलं." आश्रुबाने गोणपाटाला हात लावला. "सकाळी त्यांचंच दूध म्या परत केलतं."

भगवानरावांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग घड्याळाकडे पाठ करून पहिला कॅन उचलला आणि गाळणीवर उपडा केला.

तिन्ही कॅन रिकामे झाल्यावर आश्रुबा तिथून हलेना. केंद्राच्या आवारात बोअर होता, त्याचा पाइप कॅन धुवायला चालू असायचा. "एक कॅन भरून घेऊ का?" त्याने विचारलं. भगवानरावांनी मानेनेच हो म्हटलं.

त्याने कॅन तीनदा विसळला, गळ्यापर्यंत भरला, झाकण घट्ट बसवलं. रस्त्यापलीकडून बाटलीभर पेट्रोल आणून टाकीत ओतलं, ओतण्याआधी दोन थेंब तळहातावर घेऊन उडतात का ते पाहिलं. मग दूध उतरवायच्या फळीवरचा खडू उचलला आणि भरलेल्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी. छबुबाईचं.