वहिनीने दाखवलेली तळघरं

छोटीचं वय त्रेपन्न. चष्म्याचं दुकान एकहाती चालवते, केस रंगवायचे सोडून चार वर्षं झाली, पण माहेरच्या घरात ती अजून छोटीच. तिच्या दादाची बायको, म्हणजे वहिनी, तिच्याहून एका वर्षाने मोठी. बत्तीस वर्षांत दोघींचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही आणि गळ्यात गळा घालणंही झालं नाही. वहिनी कमी बोलायची, छोटी तिच्या वाटचंही बोलून घ्यायची. असं बरं चाललं होतं.

त्या मंगळवारी वहिनी दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाली. छोटी स्क्रू पिळत असताना म्हणाली, "वन्सं, पुढच्या आठवड्यात दोन दिवस दुकान बंद ठेवाल का? वाइनची जुनी तळघरं बघायला जाऊ. तिकिटं काढलीत मी."

स्क्रू छोटीच्या चिमट्यातून सुटला आणि काउंटरखाली गेला. तो शोधायला ती खाली वाकली, आणि थोडा वेळ मुद्दामच वाकून राहिली. विचार करायला जागा हवी होती. या बाईने उभ्या आयुष्यात खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचून घेतलेलं. घरात कोणी बिअरचं नाव काढलं तरी ती उठून कपडे वाळत घालायला जायची. आणि आता वाइन?

"दादा येतोय?"

"नाही. आपण दोघीच."

"का पण?"

"बघायला," वहिनी म्हणाली. चष्मा डोळ्यांवर चढवून तिने मान इकडेतिकडे हलवून पाहिली. "आता नीट बसला."

बसमध्ये चार तास छोटीने निरनिराळ्या बाजूंनी खडा टाकून पाहिला. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. डोंगरउतारावर द्राक्षाच्या ओळी लागल्या, तोडणी चालू होती, माणसं पाठीवर टोपल्या घेऊन चढत होती. वहिनी त्या ओळी मोजत असावी असं छोटीला वाटलं, कारण तिचे ओठ हलत होते.

पहिलं तळघर गावाच्या तोंडाशीच होतं. माहिती सांगणारी बाई चुणचुणीत होती. तिने बारा जणांना गोळा केलं, डोकी सांभाळा म्हणाली आणि दगडी पायऱ्यांनी खाली नेलं. आत ओल होती. भिंतींवर काळी मऊ बुरशी चढलेली, तिला हात लावू नका अशी पाटी. दोन्ही बाजूंना आडवी पिंपं, एकेक म्हशीएवढं. बाई काचेच्या लांब नळीने पिंपातली वाइन काढून प्रत्येकाच्या पेल्यात दोन बोटं ओतत होती. छोटीने मनाचा हिय्या करून घोट घेतला. आंबट, तुरट, आणि मागाहून काहीतरी गोडसर. वाईट नव्हती. दुसरी तर बरी होती. तिसऱ्या वेळी तिने पेला स्वतःहून पुढे केला.

वहिनी पीत नव्हती. तिने पेला गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात घोळवला आणि कोपऱ्यातल्या बादलीत सुबकपणे थुंकून टाकला. छोटी बघतच राहिली. लग्नाच्या पंगतीत पानावरचा भातही न सांडणारी बाई अनोळखी लोकांसमोर थुंकते आणि माहिती सांगणारी बाई त्यावर आदराने मान डोलावते. मग वहिनीने एका पिंपावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं. खाली, मध्ये, वर.

"हे भरायला आलंय," ती म्हणाली.

माहितीवाल्या बाईने बूच काढून आत नळी घातली. पातळी खरंच चार बोटं उतरलेली. "तुम्ही याच धंद्यातल्या का?" तिने विचारलं.

"नाही. बँकेत होते," वहिनी म्हणाली आणि पायऱ्यांकडे वळली.

छोटीच्या डोक्यात तीन पेल्यांनी आधीच थोडी गडबड केलेली, त्यात हे. पहिला तर्क तिने तिथेच पक्का केला : वहिनीला चोरून पिण्याची सवय लागलीय. दादाला पत्ता नाही. आपल्याला साक्षीला आणलंय, म्हणजे आता ती कबूल करणार. पण पिणारा माणूस थुंकतो कशाला? छोटीने तो तर्क सोडून दिला.

दुपारी दुसऱ्या तळघरात दुसरा तर्क मिळाला. इथे वहिनीने आत शिरायच्या आधीच दारातल्या माणसाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात काही विचारलं. छोटीने कान टवकारले. "...अजून आहेत का? वरच्या अंगाच्या तळघरात?" माणूस म्हणाला, आहेत की, रोज असतात, उद्या सकाळी जा. वहिनीने पदराने कपाळ टिपलं. चेहरा असा झालेला, जसा मुलीच्या निकालाच्या दिवशी व्हायचा.

पुरुष, छोटीने ठरवलं. चोपन्नाव्या वर्षी. हे तर पिण्यापेक्षा वाईट. की बरं? तिला ठरवता येईना. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत तिने शेवटी धीर करून विचारलंच, "वहिनी, उद्या आपण कोणाला भेटायला चाललोय का?"

"हो."

"दादाला माहितीय?"

वहिनीने साडीची घडी मोडता मोडता तिच्याकडे पाहिलं, आणि छोटीच्या मनात काय चाललंय ते तिला कळलं असावं, कारण ती चक्क हसली. "सत्तर-पंचाहत्तरचे असतील ते, वन्सं. झोपा आता."

एवढ्याने काहीच उलगडलं नाही.

तिसरं तळघर गावापासून वर, चढावर होतं. इथे पाट्या नव्हत्या, माहिती सांगणारं कोणी नव्हतं. अंगणात टोपल्या पालथ्या घातलेल्या, सिमेंटच्या मोठ्या हौदात नुकत्याच चिरडलेल्या द्राक्षांचा रस फसफसत होता आणि त्याचा उग्र, गोड वास घशात बसत होता. एक म्हातारा रबरी नळीने फरशी धूत होता. त्याने वर पाहिलं, पुन्हा फरशीकडे पाहिलं, मग नळी बंद केली.

"पिंपवाल्याची पोर," तो म्हणाला.

"हो काका."

"आईसारखी दिसतेस." त्याने हात पँटीला पुसले. "खाली जायचंय?"

"जायचंय."

त्याने खिडकीतली मेणबत्ती उचलली, पेटवली आणि एका लांब काठीच्या टोकावरच्या पत्र्याच्या वाटीत बसवली. छोटीने भिंतीवरचा दिव्याचा खटका पाहिला. दिवे होते. मग मेणबत्ती कशाला? कोणी सांगितलं नाही आणि तिला विचारायचं सुचलं नाही. तिघं उतरायला लागली. म्हातारा काठी पुढे, गुडघ्याच्याही खाली धरून चालला होता, जणू अंधारात साप शोधतोय. बारा पायऱ्या झाल्या. तेराव्या पायरीशी ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली. वारा नव्हता, फुंकर नव्हती.

"मागे," म्हातारा म्हणाला. वहिनी आधीच वळली होती. तिने छोटीचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिला ओढत तिने अंगणात आणलं.

अंगणातल्या बाकावर बसल्यावर म्हाताऱ्याने छोटीला समजावलं. रस आंबायला लागला की त्यातून एक जड हवा निघते. पाण्यासारखी खाली साचते. तिला वास नाही, रंग नाही. दोन श्वास घेतले की माणूस आडवा. "मेणबत्तीला आधी कळतं. आता पंखे लावतो, तासाभराने जाता येईल. हे मला हिच्या बाबांनी शिकवलं, इथली पिंपं तेच सांभाळायचे. मेणबत्तीशिवाय एक पाय खाली टाकलास तर कानफटीत देईन, म्हणायचे. आणि तेच एक दिवस तसेच उतरले." त्याने मान हलवली. "छत्तीस वर्षं झाली. मला अजून कळत नाही. मेणबत्ती इथेच होती, या खिडकीत. काड्यापेटी खिशात होती. का घेतली नसेल?"

वहिनीचे वडील वाइनच्या तळघरात वारले, एवढंच वहिनीच्या मामाने लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. त्यावरून छोटीच्या आईने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. दारुड्याची लेक आहे, पण लेक चांगली आहे, असं ती शेजारणींना सांगायची. घरात ते पाठच झालं होतं, पाढ्यासारखं.

"प्यायचे का ते?" छोटीने विचारलं.

म्हाताऱ्याला प्रश्नच समजला नाही. "कोण? ते? अहो, ते जेवतानासुद्धा पाणीच प्यायचे. वाइनने जीभ बिघडते म्हणायचे."

मग वहिनी बोलली. म्हाताऱ्याकडे बघून बोलली, छोटीकडे नाही.

"काका, ते घाईत होते. मी फाटकाशी उभी होते, सायकल धरून. कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, त्यांची सही हवी होती, कचेरी बाराला बंद होणार. ते म्हणाले, खालचं एक बूच बघून येतो. मी ओरडले, बाबा, लवकर. दोनदा ओरडले."

म्हाताऱ्याने रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू कधी सांगितलं नाहीस."

"लोक म्हणाले, प्यायला असेल. मी काही बोलले नाही. तेव्हा ते मला सोपं वाटलं."

म्हातारा उठला आणि पंखे लावायला गेला. जाताना त्याने वहिनीच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

बाकावर दोघी राहिल्या. छोटीने रडावं की माफी मागावी, आणि मागायची तर कोणाच्या वतीने, आईच्या की स्वतःच्या?

"गेल्या महिन्यात," वहिनी म्हणाली, "लेकीच्या घरी जेवायला होतो. जावयांनी लेकीबद्दल विचारलं, ही वाइनला कधीच हात का लावत नाही. तुम्ही म्हणालात, तिचे आजोबा त्यापायीच गेले. मी आत काकडी चिरत होते."

छोटीला ते आठवतही नव्हतं. असं वाक्य ती सहज बोलली असेल, मीठ मागावं तसं. "वहिनी, मग तेव्हाच का नाही बोललीस? बत्तीस वर्षं का नाही बोललीस?"

"कोणी विचारलंच नाही." मग ती म्हणाली, "आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? मी हाक मारली म्हणून गेले? पण लेक आता आई होणार आहे. तिच्या पोटी येणाऱ्याला तरी दारुडा पणजोबा नको."

तासाभराने ती खाली जाऊन आली. एकटीच गेली, काठी हातात घेऊन. मेणबत्ती जळत राहिली. छोटी वर उभी राहून तो ठिपका बघत होती. खाली वहिनीने काय केलं, ते तिने विचारलं नाही.

दुपारी खोलीच्या गॅलरीतून छोटीने भाचीला फोन लावला. "मी तुला एक चुकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझे आजोबा प्यायचे नाहीत. कधीच नाही."

"मग ते कशाने गेले, आत्या?"

हवेने, म्हणावं? घाईने? तिने वळून पाहिलं. वहिनीने हात पुढे केला, फोन घेतला आणि खालच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिचं बोलणं वर ऐकू येत नव्हतं. एकदा ती हसल्यासारखी वाटली.

परतीच्या बसमध्ये छोटीने विचारलं, "माझ्यावर रागावली आहेस का?"

"रागावले होते," वहिनी म्हणाली. "म्हणून तर तिकिटं काढली. आता काय आहे ते मलाच नीट कळत नाहीये. कळलं की सांगेन."

घरी दादा वर्तमानपत्र वाचत होता. "काय मग, काय बघितलं?" त्याने मान वर न करता विचारलं.

वहिनीने पिशवी खाली ठेवली, त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पेपर ठेवा जरा. माझ्या बाबांबद्दल सांगायचंय."

दादाने पेपर खाली घेतला आणि छोटीकडे पाहिलं, जणू खुलासा तिच्याकडे असेल. छोटी दारात उभी होती, एक चप्पल पायात, एक बाहेर. जावं की थांबावं? वहिनी थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. शेवटी छोटीने दुसरी चप्पलही काढली आणि भिंतीकडेच्या स्टुलावर टेकली.