ब्रेक उत्तम आहेत

श्रीधरच्या पोटात दुखायला लागलं ते दोन हजार चारच्या दिवाळीनंतर. हे दुखणं काही ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. रंगरावांची लाल गाडी दुसऱ्याने घेतली होती, आणि तो दुसरा कोण, तर हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणारा सत्तावीस वर्षांचा पोरगा!

श्रीधरचं नारायण पेठेत ब्रेकच्या कामाचं दुकान होतं. वरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको जया राहायची. अर्ध्या पेठेतल्या गाड्या त्याच्या भरवशावर थांबायच्या. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण जिभेचा तिखट. "किती वेळ लागेल हो?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "घाई असेल तर ब्रेक न लावताच न्या." गिऱ्हाइकंही पुण्याचीच. ती गालात हसायची आणि गुमान बाकावर बसायची.

रंगराव नोकरीला नैरोबीत होते. एकोणनव्वद साली परत येताना त्यांनी ती गाडी बोटीने आणली. दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी. पुण्यात तशी दुसरी नव्हती. बारा वर्षं तिचं सगळं काही श्रीधरने केलं. कुठलं रबर मुंबईत मिळतं, कुठलं मिळतच नाही आणि घरी कसं बनवायचं, हे त्याला पाठ होतं. काम झालं की शनिवारवाड्यापर्यंत एक चक्कर मारून यायचा. तेवढीच त्याची चैन. रंगराव म्हणायचे, "श्रीधर, माझ्यामागे ही गाडी तूच सांभाळायचीस बरं का." श्रीधरने त्याचा आपल्याला हवा तोच अर्थ घेतला. माणूस घेतोच हो!

मग रंगरावांचे गुडघे गेले आणि तीन वर्षं गाडी कव्हराखाली उभी राहिली. शेवटी मुलीकडे बडोद्याला कायमचं जाताना त्यांनी ती ओळखीतल्या त्या हिंजवडीच्या पोराला, अनिरुद्धला, त्याने मागितली म्हणून देऊन टाकली. वर त्याला सांगितलं, "नारायण पेठेतल्या श्रीधरशिवाय कुणाचा हात लागू देऊ नकोस." म्हणजे गाडी त्याची आणि हात काळे करायचे याने! श्रीधरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुम्ही कधी तोंड उघडून म्हणालात का, मला द्या म्हणून?" जयाने विचारलं.

"म्हणायला कशाला पाहिजे? त्यांना कळत नव्हतं?"

"नसेल कळत. सगळ्यांना सगळं न बोलता कळतं असं तुम्हालाच वाटतं."

पुढचे पंधरा दिवस त्याला ती गाडी जिथे तिथे दिसायची. लक्ष्मी रस्त्यावर दिसली, अलका टॉकीजच्या चौकात दिसली. अनिरुद्धची बायको निकिता खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलेली. श्रीधर स्कूटरवर मागे उभा राहून त्याचं गिअर टाकणं ऐकायचा आणि दात-ओठ खायचा. काय तो खरखराट! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. आपण बारा वर्षं जिच्या बोल्टन् बोल्टला नावाने ओळखतो, ती या पोराला मिळावी, आणि का, तर त्याने विचारलं म्हणून!

एका रविवारी सकाळी आठला ती गाडीच दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. श्रीधर पायरीवर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला नाही.

"नमस्कार काका. मी अनिरुद्ध. रंगराव काकांनी तुमचं नाव सांगितलं होतं नं." मुलगा यवतमाळचा. बोलणं मोकळं, चेहरा त्याहून मोकळा. "एक विचारायचं होतं. या गाडीवाल्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, सगळे बाहेरच्या देशातले. ते म्हणून राहिले की गाडी पळते झकास, पण कंपनीचे मूळ ब्रेक तिला पुरत नाहीत. मोठ्या डिस्क टाका म्हणतात. आम्ही आत्ता सिंहगडावर चाललो. तर हे ब्रेक चालतील का?"

प्रश्न सरळ होता. त्याचं सरळ उत्तरही श्रीधरपाशी होतं. मूळचे ब्रेक उत्तम होते, मोठ्या डिस्कची काडीची गरज नव्हती. फक्त ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं, आणि जुनं ऑइल हवेतलं पाणी पितं. गावात ते कळत नाही. घाट उतरताना ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल तळाला टेकतं, ब्रेक लागतच नाहीत. अर्ध्या तासाचं काम. "गाडी आत घ्या" एवढंच म्हणायचं होतं.

पण गाडीत निकिता बसली होती, आणि तिने डॅशबोर्डवर नवा कोरा गणपती चिकटवला होता. तिथे काय ठेवायचं, हे श्रीधरने मनातल्या मनात कधीच ठरवून ठेवलं होतं.

"ब्रेक ना?" तो म्हणाला. "उत्तम आहेत की! अहो, तीन पावसाळे कुणाला चाक उघडून बघायची गरज वाटली नाही, इतके उत्तम आहेत. न्या, न्या, हौसेने सिंहगडावर न्या."

कुठलाही पेठेतला माणूस हे ऐकून जागच्या जागी चपापला असता. "म्हणजे बघायला पाहिजेत म्हणता?" असं म्हणून त्याने किल्ली काढून दिली असती. अनिरुद्धचा चेहरा मात्र उजळला.

"पाहा, मी म्हटलं नव्हतं?" तो निकिताला म्हणाला. "तीन वर्षं हातही लावावा लागला नाही!" मग त्याने काय करावं? वाकून श्रीधरच्या पायाला हात लावला, स्वतःचं कार्ड दिलं आणि गाडी घेऊन निघूनही गेला.

जया जिन्यात उभी होती. "त्याला कळलं नाही," ती म्हणाली.

"शहाण्याला शब्दाचा मार."

"शहाणा असेल हो, पण यवतमाळचा आहे. त्याला वाटलं तुम्ही कौतुक केलंत."

"मग मी काय करू? मी खोटं एक अक्षर बोललो नाही!"

हे मात्र खरं होतं. श्रीधर वर गेला, पोहे खाल्ले, पेपर उघडला. जरा हिसका बसू दे, त्याला वाटत होतं. घाबरू दे. घाबरला तर विकेल, विकायला निघाला तर आपल्याकडेच येईल. हा विचार त्याने चांगला अर्धा तास चघळला, आणि लाज वाटायची सोडून तो त्याला गोडच लागला. मग पेपरात खडकवासल्याचं काहीतरी आलं होतं, ते वाचताना त्याला गडावरून उतरणारा तो रस्ता दिसला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. तो पेपर टाकून उठला.

त्याने कार्डावरचा नंबर लावला. फोन कव्हरेजच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. तेव्हा त्याने ब्रेक ऑइलचे दोन डबे, पाने आणि एक रबरी नळी पिशवीत कोंबली आणि स्कूटरला किक मारली.

धायरी गेली, खडकवासला गेलं, डोणजे गेलं. "पोरा, वरच बस रे," श्रीधर मोठ्याने म्हणत होता. "पिठलं-भाकरी खा, दही खा, झोप काढ. उतरू नकोस." गाडीचं त्याच्या मनातही आलं नाही, असं तो नंतर जयाला सांगणार होता. ते खोटं होतं. आलं होतं.

घाट निम्मा चढल्यावर आधी वास आला, ब्रेक जळल्याचा. मग वळणावर लाल गाडी दिसली, डाव्या अंगाने डोंगराला टेकलेली, चाकांखाली दगड. दारापासून मागच्या दिव्यापर्यंत पत्रा खरवडून निघाला होता. श्रीधरने आधी तो पत्रा पाहिला. माणसं त्यानंतर पाहिली. दोघं कठड्यावर बसली होती, धड होती.

"काका! तुम्ही कसे काय आले?" अनिरुद्ध उठला. "बरं झालं. पेडल खालीच गेलं एकदम. मग हँडब्रेक ओढला अन् डोंगराला घासली."

"आधी नरम लागलं नाही?"

"लागलं नं. दोन वळणं आधीच लागलं. ही म्हणत होती थांब. पण मी म्हटलं, काका उत्तम म्हणाले म्हणजे ब्रेक उत्तमच असतील. माझाच पाय चुकत असेल."

श्रीधरने पिशवी रस्त्यावर ठेवली. बारा वर्षांत असा भरवसा त्याच्यावर कुणी ठेवला नव्हता, रंगरावांनीसुद्धा नाही. आणि तो भरवसा ठेवणाऱ्याला त्याने कड्यावरून ढकलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

चाकं गार व्हायला तासभर लागला. मग जुनं ऑइल काढून नवं भरायला त्याने अनिरुद्धला आत पेडलपाशी बसवलं आणि स्वतः नळी लावून चाकापाशी झोपला. "दाबा," तो ओरडायचा. "धरून ठेवा. सोडा." नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं, बुडबुडे आले, मग हळूहळू नितळ धार आली. चारी चाकं झाली.

हात पुसता पुसता तो म्हणाला, "ऑइल जुनं होतं. मला सकाळीच माहीत होतं. मी कौतुक केलं नव्हतं, टोमणा मारला होता. आमच्याकडे तसं बोलतात." तो थांबला. "तेही कारण नाही. ही गाडी मला हवी होती. तुम्हाला मिळाली म्हणून मी जळत होतो."

खालून एक जीप हॉर्न वाजवत वर गेली.

"आता ब्रेक उत्तम आहेत," श्रीधर म्हणाला. "मोठ्या डिस्क-बिस्क काही नको. दरवर्षी ऑइल बदला आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. मूळचे ब्रेक या गाडीला पुरून उरतात."

अनिरुद्धच्या आवाजात राग नव्हता. परक्या गावात पत्ता विचारावा तसं त्याने विचारलं, "हे आता खरं सांगून राहिले, का सकाळसारखं?"

श्रीधरने तोंड उघडलं. काय बोलावं? 'खरं सांगतो' म्हणावं, तर सकाळीही प्रत्येक शब्द खराच होता. 'शपथ घेतो' म्हणावं, तर ते तोंडही तेच. आयुष्यभर ज्या जिभेवर दुकान चालवलं, ती टाळ्याला चिकटून बसली.

निकिताने गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातातून घेतली आणि श्रीधरपुढे धरली. "गाडी तुम्ही खाली न्या," ती म्हणाली. "आम्ही तुमच्या स्कूटरवर येतो."

म्हणून श्रीधर त्या गाडीत बसला. इतकी वर्षं तिच्यातून शनिवारवाड्यापलीकडे न गेलेला माणूस, आज अर्धा का होईना, घाट त्याच्या वाट्याला आला होता. प्रत्येक वळणावर त्याने पेडल दाबलं, आणि प्रत्येक वळणावर ते घट्ट लागलं. पायथा जवळ आला तेव्हा त्याने आरशात पाहिलं. ती दोघं स्कूटरवरून येत होती, पण गाडीपासून चांगली शंभर पावलं अंतर राखून. त्याने वेग कमी केला, म्हणजे ती जवळ येतील. त्यांनीही कमी केला.